पहिली निवड मालकिणीची

तारीख ६ एप्रिल १९९६, शनिवार, सकाळचे साडेनऊ. जागा शिरूर कासार, माझ्या घरामागचं पत्र्याचं शेड. पिल्लं एकूण चव्वेचाळीस. त्यांतली पांढरट-पिवळी चाळीस, काळी चार. हजर माणसं चार: सर, मी, माझी बायको आणि ऊसतोडीहून परतलेली कौसाबाई. पाचवं कोणीही नव्हतं.

इतकं काटेकोर लिहितोय याला कारण आहे. मागच्या महिन्यात सरांची शोकसभा झाली. स्टेजवर अकरा जण होते आणि त्यांतले सात जण या सकाळीबद्दल बोलले. एकाने सांगितलं, सरांनी प्रयोगाची पिल्लं बाजारात विकून टाकली. दुसऱ्याने सांगितलं, पिल्लं काळी नव्हतीच, सरांनी रंगवली होती. तिसरा सरांचाच विद्यार्थी, आता प्राचार्य. तो म्हणाला, "सर छंदिष्ट होते हो, पण मनाने मोठे." लोक हसले. मी उठलो, तर बायकोने सदऱ्याला धरून खाली बसवलं. "मेलेल्या माणसाच्या सभेत भांडू नका. घरी जाऊन लिहा." म्हणून लिहितोय. राग गेलेला नाही, आणि मला तो घालवायचाही नाही.

सर १९९१ साली माझ्याकडे भाडेकरू म्हणून आले. मागच्या दोन खोल्या आणि शेड. तासाभराच्या अंतरावरच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचे. खोल्या त्यांनी नीट पाहिल्यासुद्धा नाहीत. एकच प्रश्न विचारला, "शेडमध्ये ऊन किती वाजता येतं?"

"साधारण आठला," मी म्हणालो.

"साधारण नको. उद्या बघून सांगा."

मी पाटबंधारे खात्यात. कालव्याच्या पट्टीवरचं पाणी सेंटिमीटरमध्ये वाचून लिहायचं ही माझी नोकरी. 'साधारण' या शब्दाची चीड असलेला दुसरा माणूस मला तोवर भेटला नव्हता. दुसऱ्या दिवशी सांगितलं, आठ वाजून सतरा मिनिटं. त्यांनी सामान आणलं.

सामानात एक ट्रंक, एक सूक्ष्मदर्शक, स्पिरिटचा दिवा, काचेच्या नळ्यांचा जुडगा आणि अंडी उबवायची लाकडी पेटी. सरांचं घर परळीचं, लिंगायत व्यापाऱ्याचं. गळ्यात लिंग, आणि अंडं जन्मात तोंडाला लावलेलं नाही. मुलगा अंडी फोडतो हे कळल्यावर त्यांच्या आईने त्यांचा पाण्याचा तांब्या वेगळा केला. सर दर वेळी तिला समजावायचे, "आई, फोडत नाही. खिडकी पाडतो."

ती खिडकी मी शेकडो वेळा पाहिली आहे. अंडं आडवं ठेवायचं. दाढीच्या पात्याने कवचाला नखाएवढा चौकोन कापायचा. आत पिवळ्या बलकावर एक पांढरा ठिपका दिसतो, तोच जीव. सर नळी दिव्यावर धरून केसाएवढी बारीक ओढायचे. तिच्या मागच्या टोकाला रबरी नळी, ती तोंडात. काळ्या कोंबडीच्या अंड्यातल्या ठिपक्यातून थोड्या पेशी श्वासाने ओढून घ्यायच्या आणि पांढऱ्या लेगहॉर्नच्या अंड्यातल्या ठिपक्यात श्वासानेच सोडायच्या. मग तिसऱ्या अंड्याच्या आतला पापुद्रा खिडकीवर चिकटवायचा, वरून मेणबत्तीचं मेण. हे करायचं त्या दिवशी सर चहा घेत नसत. हात हलतो म्हणायचे. आणि पातं टेकवण्याआधी गळ्यातल्या लिंगाला एकदा बोट लावायचे.

"कशासाठी हे सगळं?" मी पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं.

"उन्हाळ्यात वस्त्यांवर काय होतं?"

"मानमोडी येते."

"किती कोंबड्या राहतात?"

"एखाद्या घरी एक. एखाद्या घरी तीही नाही."

"उद्या कोणीतरी मानमोडीला दाद न देणारा जीन शोधून काढेल. पण तो कोंबडीत घालणार कुठून? उंदराचं बीज एका पेशीचं असताना हाती लागतं, त्यात जीन टोचता येतो. कोंबडी अंडं घालते तोवर आत हजारो पेशी झालेल्या असतात. एकेकीत कुठे टोचत बसणार? म्हणून आडवाट. पेशी बाहेर काढायच्या, त्यांत जीन घालायचा, त्या दुसऱ्या अंड्यात सोडायच्या. त्यांतल्या काही त्या पिल्लाच्या बीजात गेल्या, तर पुढची पिढी तो जीन घेऊनच जन्मेल. जीन माझ्याकडे नाही. तो विद्यापीठात, बर्फाच्या पेटीत. मी नुसता रस्ता करतोय. गाडी दुसरा कोणी आणेल."

हे इतकं सोपं होतं. शोकसभेत मात्र एकजण माइकवर म्हणाला, सर कोंबडीत माणसाचा जीन घालत होते. या माणसाने सरांच्या शेजारच्या खुर्चीवर बसून नऊ वर्षं पगार घेतला आहे.

लेगहॉर्नची अंडी बीडहून यायची. ज्वारीच्या भुश्यात रोवून, डब्यात, एसटीने. डबा सर मांडीवर घेत नसत, धक्का बसतो म्हणून. शेजारच्या सीटवर ठेवायचे आणि त्याचं अर्धं तिकीट काढायचे. एकदा मी सोबत होतो. कंडक्टर म्हणाला, "सर, डब्याला कुठं तिकीट असतंय?"

"डब्याला नाही. आत बारा जण आहेत."

"मग सहा पूर्ण तिकिटं काढा की!"

अख्खी गाडी हसली. सरांनी मात्र खरंच हिशेब केला आणि विचारलं, "पाच वर्षांखालच्यांना माफ असतं ना?" त्यांना विनोद कळत नसे असं नाही. समोरचा विनोद करतोय म्हणून आपण उत्तर चुकवायचं, हे त्यांना पटत नसे.

वही मी लिहायचो. सरांचं अक्षर त्यांचं त्यांनाही लागत नसे. पेटी अडीच वर्षं चालली आणि तेवढ्यात चारशे बारा अंड्यांना खिडकी पाडली. आमच्या जिल्ह्यात वीज तयार होते, तिची राख आमच्या जिल्ह्याच्या कपड्यांवर पडते, आणि आमच्या शेडमधला बल्ब दिवसातून तीनदा जातो. वीज गेली की सर पेटीत कंदील ठेवायचे, मी तापमापक घेऊन बसायचो. एका दुपारी एका खेपेची सगळी अंडी उकडली. मी त्या दिवसाची ओळ मोकळी सोडली. सरांनी वही माझ्यासमोर सरकवली.

"शून्य लिहा."

"पण वीज गेली होती, सर. त्यात आपला काय दोष?"

"दोष कुठे लिहायला सांगतोय? शून्य लिहा. ज्याला शून्य लिहायची लाज वाटते, त्याने वही धरू नये."

चारशे बारांपैकी बाहेर आली अकरा पिल्लं. नऊ शुभ्र. एक कबरं होतं, ते दुसऱ्या दिवशी गेलं. आणि अकरावा जगला: पांढऱ्या अंगावर काळ्या पिसांची ठिगळं, डाव्या पंखाचा अर्धा भाग काळा कुळकुळीत. कबरा. आरवायचा सकाळी नाही, दुपारी. सर त्याला 'तीनशे सत्त्याण्णव' म्हणायचे, अंड्याच्या नंबराने. बायको कबऱ्याच म्हणायची.

पिसं काळी झाली म्हणजे पेशी कातडीत गेल्या. बीजात गेल्या का, हे पिसं सांगत नाहीत. त्याला एकच उपाय. कबऱ्याला काळ्या गावरान कोंबड्या द्यायच्या. लेगहॉर्नचा पांढरा रंग जबरदस्त, काळ्यावर मात करतो. म्हणून कबऱ्याच्या स्वतःच्या बीजाची पिल्लं पांढरीच निघणार. एखादं जरी काळं निघालं, तरी ते त्या श्वासाने सोडलेल्या पेशींचं. रस्ता झाला.

काळ्या कोंबड्या कौसाबाईकडे होत्या. नऊ किलोमीटरवरच्या वस्तीत राहायची. दसरा झाला की नवरा-बायको माजलगावकडे ऊसतोडीला जायचे ते चैत्रात परत. मागे म्हातारी सासू. तिच्याने कोंबड्या सांभाळणं होत नसे, म्हणून कौसाबाई दर वर्षी त्या कुणाकडे तरी अर्धलीने ठेवायची. अर्धल म्हणजे सांभाळणाऱ्याने सांभाळायचं, पिल्लं निमी-निमी. ९५ च्या दसऱ्यानंतर पाच काळ्या कोंबड्या आमच्या शेडात आल्या.

तोंडी बोलून चाललं असतं. वस्तीवर सगळ्यांचं तोंडीच चालतं. मीच कागद काढला. मीच लिहिलं: काळ्या कोंबड्या नग पाच, अर्धलीने. पिल्लं निमी-निमी. कोंबडी मेल्यास तोडीस तोड पक्षी. आणि मग मीच, माझ्या मोजमापाच्या खोडीने, विचारलं, "निवड कुणाची?"

सर म्हणाले, "रिवाज काय आहे?"

"मालकिणीची असती," कौसाबाई म्हणाली. "आधी म्या उचलायची, मग तुमी."

"मग तसं लिहा," सर म्हणाले. मी लिहिलं. पहिली निवड मालकिणीची. अठ्ठावीस वर्षं झाली, ही ओळ मला माझ्या अक्षरात दिसते.

पहिले अठ्ठावीस दिवस कबऱ्याला कोंबड्यांजवळ सोडलं नाही. गावच्या कोंबड्याचं बीज कोंबडीच्या पोटात दोन-तीन आठवडे टिकतं, ते संपायला हवं. जाळी मी स्वतः बांधली. त्या दिवसांत अंडी आली एकसष्ट. शेवटची चौदा पेटीत ठेवून पाहिली, एकही भरलं नाही. उरलेली सत्तेचाळीस सर दर रविवारी सायकलवर टाकून नऊ किलोमीटर नेऊन म्हातारीला द्यायचे. मी म्हणालो, करारात अंड्यांचं काही नाही. ते म्हणाले, "म्हणूनच. करारात पिल्लंच आहेत. अंडी तिची."

मग कबरा सोडला. एक कोंबडी अंडं अडकून मेली. तेही लिहिलं. एकोणपन्नास पिल्लं निघाली, पाच मेली, ती पाचही पांढरी. फेब्रुवारीच्या शेवटी एका सकाळी बायको शेडातून ओरडली, "अहो, हे एक शाईत बुडवलेलं निघालंय!" सर आले, त्यांनी पिल्लू हातावर घेतलं, पाहिलं, आणि मला म्हणाले, "काळं, एक. लिहा." एवढंच. मग खोलीत जाऊन दार लावलं. दार लावून ते काय करत होते ते मला माहीत नाही. बाहेर आले तेव्हा तोंड धुतलेलं होतं.

पुढच्या तीन आठवड्यांत आणखी तीन.

सरांनी विद्यापीठाला पत्र लिहिलं. तिथून उत्तर आलं, समिती येऊन पाहील. पिल्लं खरी ठरली तर दोन वर्षं विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत काम, आणि बर्फाच्या पेटीतला तो जीन सरांच्या हातात. सरांचं वय तेव्हा त्रेपन्न. दुसरी संधी येणार नव्हती, हे त्यांनाही माहीत होतं आणि मलाही.

समिती २८ मार्चला येणार होती. आली नाही, जीप मिळाली नाही. त्याच दिवशी कौसाबाई आली. कारखाना लवकर बंद झाला होता. सरांनी तिला आठ दिवस मागितले, तिने दिले. समिती ३ एप्रिलला येणार होती. आली नाही, मुख्य साहेबांकडे लग्न होतं. मग तारीख कळवली, १० एप्रिल. आणि ६ तारखेला, आठाला एक दिवस वर धरून, कौसाबाई दारात उभी.

"सर, वाटणी करा. परळीकडं वीटभट्टीचं काम मिळालंय. टेम्पो दुपारी निघतोय. पिल्लं म्हातारीपाशी टाकून जाते."

सरांनी शेडचं दार उघडलं. तिने वाकून पाहिलं आणि पहिल्या झटक्यात, एकामागून एक, चार काळी पिल्लं उचलून टोपलीत घातली.

मी तिच्या टोपलीवर हात ठेवला. "कौसाबाई, ती चार सोडा. त्यांच्या बदल्यात दहा घ्या. पंधरा घ्या."

"कावून?" ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "काळी माझ्या कोंबडीच्या वाणाची हायेत. ती पांढरी त्या तुमच्या कबऱ्याची. पांढरं पिल्लू घारीला वरून दिसतंय, भाऊ. माळावर एक बी ऱ्हायचं न्हाई."

"मग चार दिवस ठेवा नुसती. बुधवारी साहेब बघून जातील की तुमचीच."

"आठ दिवस ठिवली न्हाईत का? मागल्या येळंला बी सायेबच येणार व्हते." मग ती सरांकडे वळली. "सर, तुमी म्हणा. तुमी म्हणले तर ठिवते."

ती खरंच ठेवून गेली असती. हे मी आजही शपथेवर सांगतो. एक शब्द पुरला असता. बायकोने सरांना डोळ्यांनी खुणावलं. मी तर उघडच म्हणालो, "सर, बोला ना!"

सर म्हणाले, "तुझ्या टेम्पोला उशीर होईल. अठरा अजून उचल. बावीस तुझी."

मला सरांचा राग आला, आणि तो आजही आहे. शोकसभेतल्या लोकांसारखा मी त्यांना देव करणार नाही. तिने स्वतः होऊन विचारलं होतं. मी ती गेल्यावर ओरडलो, "पाच वर्षं घालवलीत, चारशे बारा अंडी! आणि एक शब्द निघेना तोंडातून?"

"आठ दिवस मागितले तेव्हा ती हो म्हणाली, कारण ती सरांना नाही म्हणू शकत नाही," ते म्हणाले. "दुसऱ्यांदा मागितलं असतं तर ते मागणं नसतं, हुकूम असता." मग म्हणाले, "आणि पिल्लं मेलीत का? नऊ किलोमीटरवर आहेत."

बरोबर. नऊ किलोमीटरवर होती. आता समितीचं सांगतो, आणि माझा खरा राग इथे आहे.

बुधवारी दहाला येणारी जीप बारा चाळीसला आली. तीन माणसं आणि ड्रायव्हर. वाटेत कुठे तरी जेवण झालेलं, मुख्य साहेबांच्या तोंडात पान. कबऱ्याला पाहून म्हणाले, "वा, फॅशनेबल आहे." मग विचारलं, "काळी पिल्लं?"

"मालकिणीकडे," सर म्हणाले. "इथून नऊ किलोमीटर. जीप जाते."

"म्हणजे पुरावा वाटून टाकलात?"

"वाटला नाही. तिचा वाटा तिला दिला. पुरावा तिथे दाणे टिपतोय."

"मागवून घ्या मग. आम्ही थांबतो पंधरा मिनिटं."

"पिल्लं तिची आहेत. बघायला आपण जायचं."

साहेबांनी घड्याळ पाहिलं. संध्याकाळची परळीची गाडी गाठायची होती. "कोंबडीचं पिल्लू बघायला खडकातून अठरा किलोमीटर? आणि गावातला एखादा कोंबडा जाळीतून आला नसेल कशावरून?"

सरांनी वहीचं पान उघडून दिलं. अठ्ठावीस दिवस, एकसष्ट अंडी, पेटीत चौदा, भरलेली शून्य. साहेबांनी पान वाचलं नाही. वही मिटली आणि टेबलावर थोपटली. "वही काय हो, घरी बसूनही लिहिता येते."

ते अक्षर माझं होतं. एकोणतीस वर्षांच्या नोकरीत मी कालव्याचं पाणी लिहिलं, माझ्या वहीवर कोणी कधी बोट ठेवलेलं नाही. मी पुढे झालो, पण माझ्याआधी बायको बोलली. "साहेब, नऊ किलोमीटरला तुमच्या गाडीला किती वेळ लागतो? तेवढ्यात माझ्या चार भाकरीसुद्धा होत नाहीत."

साहेब हसले. "वहिनी, आम्हाला बारशाला बोलावलंय का?" बाकीचे दोघेही हसले. जीप एक वाजून पाच मिनिटांनी गेली. पंचवीस मिनिटं. मी घड्याळ लावलं होतं.

महिन्याने कागद आला. एकच ओळ कामाची: प्रत्यक्ष पुरावा उपलब्ध झाला नाही. सरांनी तो वहीत चिकटवायला सांगितला. दोन वर्षांनी त्यांनी बदली घेतली. शिकवत राहिले. पुन्हा पातं हातात घेतलं नाही.

समिती गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी रजा टाकून सायकलने वस्तीवर गेलो. म्हातारी बाभळीखाली बसली होती. चार काळी पिल्लं उकिरड्यावर होती. चारही. मी दोनदा मोजली. मग शेजारच्या दगडावर बसून मोठमोठ्याने शिव्या दिल्या. म्हातारीने विचारलं, "कुणाला देतूस रं बाबा?" मी सांगितलं. ती म्हणाली, "दे दे, मोकळा हो." मोकळा झालो नाही.

आता मुलगी मला वाचून दाखवते. हल्ली अंड्यातल्या कोवळ्या पिल्लाच्या रक्तात फिरणाऱ्या बीजपेशी काढून घेतात, त्यांच्यातला जीन हवा तिथे कापतात, बदलतात आणि दुसऱ्या अंड्यात परत सोडतात. मी तिला विचारलं, "सोडतात कुठून?" ती म्हणाली, "कवचाला छोटी खिडकी पाडतात, बाबा. मग ती बंद करतात." मी तिला पुढचं वाचू दिलं नाही.

कौसाबाईचा हिशेब जूनमध्ये पुरा झाला. वीटभट्टी आटपून ती चार कोंबड्या न्यायला आली. मेलेल्या पाचवीच्या बदल्यात तोडीस तोड पक्षी द्यायचा होता. मी बाजारातून काळी कोंबडी आणून ठेवली होती. सरांनी ती माझ्या बायकोला देऊन टाकली आणि स्वतः शेडात गेले. कबऱ्याला उचलून आणलं, डाव्या पायातली नंबराची पट्टी कापून काढली.

"सर, ह्यो तर तुमचा लाडका," कौसाबाई म्हणाली. "एका कोंबडीला ह्यो लई व्हतो."

"तुझ्या काळ्यांत हाच असू दे," सर म्हणाले. "याची सगळीच पिल्लं घार नेत नाही."

वहीतली शेवटची नोंद माझ्या अक्षरात आहे. घेतल्या कोंबड्या पाच. परत केल्या चार. पिल्लं दिली बावीस, त्यांतली काळी चार. मेलेल्या एकीबद्दल कबरा कोंबडा, नग एक. सर्व पावले, कौसाबाईला. खाली तिचा अंगठा.